जळकं ऑईल हे औषध नाही

आमच्या गल्लीत आता खरजेच्या कुत्र्याला कुणी जळकं ऑईल लावत नाही. हे माझ्यामुळं झालं. तोंडानं मी हे कुणाला सांगणार नाही, पण लिहायला काय हरकत आहे?

मी मूळची वैजापूरकडची. शाळा चौथीपर्यंत. लग्न होऊन चिकलठाण्याला आले, त्याला आता बरीच वर्षं झाली. चारचौघांत बोलायचं मी टाळतेच. रिक्षा गल्लीच्या पुढं निघून गेली तरी मी ‘थांबवा’ म्हणत नाही. जिथं थांबेल तिथं उतरते आणि मागं चालत येते. घरात बोलायचं काम सासूबाईंचं. त्यांना मी आत्या म्हणते.

तांबडी आमची कुत्री. पिल्लू असताना दारात आली आणि राहिली. जनावरांच्या बाबतीत माझ्याकडून पुष्कळ चुका झाल्या. कांद्या-लसणाच्या रश्श्यात भाकरी कुस्करून तिला घालायची. ती आवडीनं खायची, म्हणून मला वाटायचं की तिला मानवतंय; कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो, हे ठाऊकच नव्हतं. आत्यांच्या मांजरीला रोज वाटीभर दूध, आणि मांजरीचं पोट रोज बिघडलेलं. पण दूध बंद करून बघावं, असं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

सगळ्यात मोठी चूक मात्र ऑईलची.

मागच्या वर्षी तांबडीला खरूज झाली. कानावरचे केस गेले, पोटाखाली कातडी लाल झाली. दिवसभर नुसती खाजवत बसायची. आत्या म्हणाल्या, “बघत काय बसलीस? औषध लाव की.”

आमच्यात खरजेचं औषध म्हणजे गाडीतून काढलेलं जळकं ऑईल. माझ्या माहेरीही तेच लावायचे. कोपऱ्यावरच्या गॅरेजात त्याचा डबा बाहेरच ठेवलेला असतो, ज्याला पाहिजे त्यानं न्यावं. मी बाटली भरून आणली आणि फडक्यानं तिला मानेपासून शेपटीपर्यंत चोपडली. हातात घेतलेलं काम मी अर्धवट सोडत नाही. तांबडीला तेच नडलं.

ती अंग चाटत राहिली. दुपारपर्यंत दोनदा ओकली, मग तिचे पाय थरथरायला लागले. आत्या म्हणाल्या, “दूध-तूप पाज, उतरंल.” मी वाटी भरून आणली, पण तिनं दात घट्ट आवळले होते. ती माझ्याकडं बघत होती. आपल्याला हे कुणी केलं, ते तिला ठाऊक नव्हतं. मी वाटी ठेवली, तिला जुन्या गोधडीत गुंडाळलं आणि रिक्षा बोलावली. आत्याही बसल्या.

जनावरांच्या दवाखान्यात बरीच माणसं होती. शेळ्या होत्या, एक वासरू होतं. डॉक्टर बाई होत्या, वयानं माझ्याहून लहान. त्यांनी गोधडी उघडली आणि नाक आक्रसलं.

“ऑईल लावलंय. आणखी काय कालवलं होतं त्यात?”

आत्या म्हणाल्या, “औषध लावलं हो. तवापासून ओकतीय.”

“ऑईलात औषध?”

“व्हय, औषधच. गावाकडं समदे हेच लावतेत.”

डॉक्टरांनी मान हलवली आणि मदतनिसाला म्हणाल्या, “फवारणीचं विष आहे. ती सुई काढा.”

मला कळलं, काय घोटाळा झाला ते. आमच्याकडं पोटदुखीची गोळी औषध, आणि कपाशीवर फवारतात तेही औषधच. कुणी जीव दिला तरी ‘औषध पिला’ म्हणतात. आत्या ऑईललाच औषध म्हणत होत्या आणि बाईंना ऐकू येत होतं विष. मदतनीस सुई भरायला लागला. सगळे आमच्याकडं बघत होते.

“नाही,” मी म्हणाले. आवाज माझा मलाच मोठा वाटला. “तसलं औषध नाही. नुसतं गॅरेजचं ऑईल. मीच लावलं.”

“नक्की? नको असताना ही सुई दिली तर तिला आणखी त्रास होईल.”

“नक्की. बाटली मीच भरली, फडकंही माझंच होतं. त्यात दुसरं काही नव्हतं.”

बाईंनी सुई बाजूला ठेवायला लावली. मग मला म्हणाल्या, “बरं केलंत, सरळ सांगितलंत. इथं आलेला प्रत्येक जण शेजाऱ्याचं नाव सांगतो.” दूध-तूप पाजलं नाही, तेही बरं झालं म्हणाल्या, नाहीतर ते श्वासनळीत गेलं असतं.

मग भांडी घासायचा पातळ साबण आणि कोमट पाणी दिलं. तेलकट कढया धुण्यात माझा जन्म गेलाय. डोळ्यांत फेस जाऊ न देता तीनदा धुतली तिला. पाणी काळ्याचं करडं झालं, शेवटी स्वच्छ निघालं. मदतनीस बघतच राहिला. नंतर सलाईन लावलं, खरजेच्या गोळ्या वजन करून दिल्या. निघताना बाईंनी बजावलं, माणसाची तापाची गोळी आपल्या मनानं जनावराला द्यायची नाही. मांजराला तर एकसुद्धा नाही, जीव जातो.

रिक्षात आत्या म्हणाल्या, “घरात तुझ्या तोंडातून शबूद निघत नाय, अन् तिथं डॉक्टरणीपुढं पोपटावानी बोलाय लागलीस व्हय गं! मलाच खोटं पाडलंस.”

मी तांबडीची गोधडी सारखी केली. थोड्या वेळानं त्यांनी तांबडीच्या डोक्यावर हात ठेवला. “पर बेस केलंस.”

रिक्षा आमच्या गल्लीच्या पुढं जायला लागली. मी म्हणाले, “इथंच थांबवा.”

तांबडी महिन्या-दोन महिन्यांत बरी झाली, कानावर केस आले. पण गॅरेजचा डबा तिथंच होता. एक दिवस कुणीतरी कुत्र्यासाठी बाटली भरताना दिसलं. मी घरी आले, रंगाची उरलेली डबी आणि काडी घेतली आणि परत गेले. डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘हे औषध नाही. कुत्र्याला लावू नये.’ ‘त्र्या’ आधी पुठ्ठ्यावर काढून बघितला, मग डब्यावर.

गॅरेजवाला हात पुसत बाहेर आला. त्यानं वाचलं, हसला. “आता फुकटचं गिऱ्हाईकही गेलं माझं! अक्षर झकास आहे पण. कुणाचं, वहिनी?”

तिथं चार माणसं उभी होती.

“माझं,” मी म्हणाले.