केवळरामचे डोळे

केवळराम सडक अर्जुनीच्या रस्ते-गँगमध्ये मैलकुली होता. खड्डा भरायचा तर आधी कडा उभ्या कापायच्या, धूळ झाडायची, मगच डांबर ओतायचं. एवढं न करणाऱ्याला तो कामगार म्हणत नसे. २००३च्या उन्हाळ्यात उकळतं डांबर उडालं आणि त्याचा उजवा डोळा गेला. पुढे डाव्यात काचबिंदू शिरला आणि जवळजवळ दिसेनासं झालं.

वर कळू द्यायचं नाही, असं गँगनंच ठरवलं. तिथली रीतच तशी. एखाद्याला उचलवेना झालं की बाकीच्यांनी त्याचा वाटा उचलायचा आणि तोंड बंद ठेवायचं. नागपूरकडून ट्रक आला की मुकादम जागेश्वर घमेल्यावर फावड्याचे दोन ठोके मारी, रायपूरकडून आला की एक. ठोका ऐकून केवळराम सरके. 

मग बातमी आली की नवे साहेब गँग तपासणार आणि ज्याला काम झेपत नाही त्याला घरी बसवणार. केवळरामला जेवण जाईना. बायको लीलाबाईनं त्याला भैय्यालालकडे नेलं. हा पूर्वी रोडरोलर चालवायचा. अपघातात पाय गेला, आता विश्रामगृहावर चौकीदार होता.

"काऊन लपवून राहिला गा?" भैय्यालालनं विचारलं.

"नोकरी जाईन."

"लपवल्यानंच जाईन. पंच्याण्णवचा कायदा हाय. सरकारी नोकरीत असतानी माणूस अपंग झाला, त त्याले काढता येत नाही. जमन ते काम द्या लागते, पगार तोच. मलेही घरी बसवून राहिले होते. युनियनवाल्यायले घेऊन भांडलो."

"तुया पाय साऱ्यायले दिसते."

"म्हून त वाचलो. डोळा तुलेच दाखवा लागन."

तपासणीच्या दिवशी जागेश्वरनं केवळरामला गिट्टीच्या ढिगाशी बसवलं. "तू बोलू नको. तुया संग माहीही मुकादमी जाईन."

साहेब जीपमधून उतरले. केवळरामचे पांढरे केस पाहून म्हणाले, "म्हाताऱ्याला गिट्टी कशाला? लाल झेंडी द्या, सावलीत उभा राहील."

"गिट्टीच बरी हाय साहेब," जागेश्वर घाईनं म्हणाला.

पण झेंडी हातात आली होती. गँग रस्त्याच्या मधोमध उतरली. आता त्यांनी वाकून काम करायचं आणि ट्रक केवळरामनं थांबवायचे. त्याच्या समोर नुसतं पांढुरकं ऊन होतं. दुरून घरघर ऐकू आली. कोणत्या बाजूनं, ते कळेना. साहेबांसमोर जागेश्वरचा ठोकाही नव्हता.

"हटा रे," तो म्हणाला. माणसं कडेला झाली. ट्रक धूळ उडवत गेला.

केवळरामनं झेंडी खाली ठेवली. "साहेब, मले दिसत नाही. माह्या भरवशावर हे मरतीन."

"मग इतके दिवस काम कसं केलंस?"

 जागेश्वर जमिनीकडे पाहत होता.

"अनफिट माणूस मी ठेवू कसा?"

"रस्त्यावर ठेवूच नका," केवळराम म्हणाला. "पण काढाही नका. कायद्यात बसत नाही. दवाखान्यात तपासा अन् जमन ते काम द्या."

साहेब जीपकडे वळले. "तपासणी होईपर्यंत गोदामात बसवा. पुढचं वरून ठरेल. आणि मुकादम, तुम्ही उद्या ऑफिसात या."

जीप गेली. "पाहा लेका, बोललास," जागेश्वर म्हणाला आणि घमेलं उचलून कामाला लागला. 

घरी लीलाबाई दारातच उभी होती. "का म्हनले?"

"वरून ठरन."

"काढला त नाही?"

"नाही," तो म्हणाला. चौकट चाचपून तो उंबऱ्यावर बसला. "अजून त नाही."