तीन तिकिटांत न बसलेले आठ रुपये

काल सुनेनं नातीच्या लग्नपत्रिकांच्या कोपऱ्यांना ओली हळद लावली आणि त्या वासानं मी पुन्हा टाकव्याच्या पोस्टात जाऊन उभा राहिलो.

तेव्हा थोरल्या पोरीच्या लग्नाची पत्रिका खंडाळ्याला धाकट्या भावाला धाडायची होती. बारा वर्षं आमचं बोलणं बंद होतं. मी स्वतः जाणार नव्हतो, पण पत्रिका पोचायला हवी होती. आठ रुपयांची तिकिटं लागत होती आणि पोस्टातल्या बाईंकडं पाचाची अन् एकाचीच उरलेली. पाकिटावर गणपती एवढा मोठा, की जागा तीनच तिकिटांची.

"आबा, तिनांत सात होतात, दहा होतात. आठ होत नाहीत. दहाची लावू?"

"आठ लागत्यात तर धा कशाला? मधलं आठ गेलं कुटं?"

"मग चौथं गणपतीवर डकवू?"

"देवाच्या तोंडावर? न्हाई."

चौथी शिकलेला मी, तिकिटं मांडत बसलो. नात गणितवाली, ती म्हणते, असली तिकिटांची कोडी मोठमोठ्यांनाही पुरती सुटलेली नाहीत. तेव्हा मला वाटलं, मीच अडाणी. तेवढ्यात टपालाची थैली गेली. लग्न चार दिवसांवर आलेलं.

शेवटी मीच खंडाळ्याला गेलो. भावानं पाकीट उलटंसुलटं केलं.

"तिकीट न्हाई?"

"जमलं न्हाई."

"बारा वर्षं जमलं न्हाई तुला, दादा," म्हणाला, आणि आत वळून, "च्या ठेव गं, दादा आलाय."

रागवावं की आत जावं, मला कळेना. चपला मात्र मी काढून ठेवल्या होत्या.