शिट्टी वाजेपर्यंत

माझे कान कुस्तीनं मोडले आणि नाक कबड्डीनं. केजला दाढीला बसलो की नवा कारागीर हमखास विचारतो, "पाव्हणं, अपघात झालता का?" मी म्हणतो, दोन झाले. पहिल्या अपघाताचं नाव वस्ताद, दुसऱ्याचं पोटपाणी. तो हसतो. मला मात्र हसू येत नाही.

वस्ताद आमच्या गावच्या तालमीचे. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गेले की मी त्यांच्याच घरी राहायचो. त्यांची बायको, आमच्या काकू, दुधात भाकरी कुस्करून द्यायच्या आणि वस्ताद ती पहाटे अंगातून वसूल करायचे. त्यांच्या तोंडापेक्षा हात लवकर चालायचा. डाव चुकला की मानेवर रट्टा, डाव बसला की जरा हलका रट्टा. शाबासकी ओळखायलाच मला वर्ष लागलं. एकदा मला मान सोडवता येईना, तर त्यांनी माझं डोकं मातीत इतकं रगडलं की कान टमाट्यासारखा सुजला. पुढं तो आखडून त्याचं कायमचं मुटकुळं झालं. तेव्हा त्यांनी तो दोन बोटांत धरून पाहिला आणि म्हणाले, "आता झाला पैलवान." माझ्या बापानंही मला कधी इतक्या मायेनं हात लावला नव्हता.

मारकुटा माणूस, पण एका गोष्टीत कडक. समोरच्याची पाठ लागली की कुस्ती संपली, त्या क्षणी सोडायचं. चीत झालेल्याच्या छातीवर कुणी जरा जास्त वेळ बसला की वस्ताद त्याच्या पाठीवर काठी मोडत. "पडल्याल्याला दाबनं गुंडाचं काम हाय. पैलवानाचं न्हाई."

सिरसाळ्याकडच्या एका फडात माझी कुस्ती एका साहेबांनी पाहिली. ते एका सरकारी खात्याच्या कबड्डी संघाला शिकवत. माझा हात दाबून बघत म्हणाले, "ह्या पंज्यात आलेला माणूस सुटायचा नाही. येतोस का? नोकरी लागेल." त्या साली बापाच्या पायावर कोयता बसला होता आणि ऊसतोडीला त्याच्या जागी मीच जाणार हे ठरल्यात जमा होतं. मी लगेच हो म्हणालो.

वस्तादांना सांगितलं तेव्हा ते पाट्यावर बदाम वाटत बसले होते. वाटायचं न थांबवता म्हणाले, "खाल्ल्या घरचे वासे मोजाया लागलास व्हय?"

"वस्ताद, नोकरी हाय."

"कबड्डी! रेघ शिवून पळून येनाऱ्याला गुन देत्यात तिथं. पळपुट्यांचा खेळ."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला तालमीच्या मातीच्या हौद्यात उतरवलं आणि तालमीतल्या सगळ्यांना एकेक करून माझ्यावर सोडलं. एक दमला की दुसरा. मी दमलो तरी मीच. सुरुवातीच्या दोस्तांना मी आपटलं, पुढच्यांनी मला आपटलं. माझाच दात माझ्या ओठातून आरपार गेला, बरगडीत काहीतरी कट्कन वाजलं. तोंडातली माती आणि रक्त मी एकत्रच गिळत होतो. कुणी थांबवलं नाही. शेवटी वस्ताद स्वतः लांग कसून उतरले. त्या वयातही त्यांनी मला खांद्यावरून असं फेकलं की पाठ लागल्याचा आवाज बाहेर गेला असेल. पाठ लागली आणि त्यांनी मला त्याच क्षणी सोडलं.

मग त्यांनी बादली आणून सगळं पाणी माझ्या अंगावर ओतलं. हौद्यात कधी पाणी घेत नाहीत. घाम जिरवतात, माती हातानं चोळून काढतात, आंघोळ नंतर घरी. दुसऱ्यानं अंगावर असं पाणी घालायचं ते मढ्याच्या.

"झाली तुजी आंगूळ," ते म्हणाले. "हितून फुडं ह्या गावच्या आखाड्याच्या मातीत पाय ठिवायचा न्हाई."

मला नोकरी लागली, पण पहिल्याच सामन्यात मी तिच्यावर पाणी सोडणार होतो. समोरच्या संघाचा चढाईपटू आत आला, मी त्याच्या कंबरेत हात घालून त्याला असा उचलून पाडला की प्रेक्षक उभे राहिले. दोन्ही खांदे मॅटला चिकटलेले! मी त्याला सोडलं, उठलो, मांडीवर थाप मारली आणि पंचाकडं पाहिलं. माझा संघ ओरडत होता, मला वाटलं कौतुक चाललंय. तो पठ्ठ्या पडल्या पडल्या कबड्डी कबड्डी म्हणतच होता. त्यानं डोक्यामागं हात लांबवला आणि मधली रेघ शिवली. मी बाद, माझ्या मदतीला येऊन त्याला धरणारे बाद, सामना हातातून गेला. कर्णधारानं आडोशाला नेऊन माझ्या पोटात गुडघा घातला. "पाठ काय बघतोस बे? शिट्टी बघ. शिट्टी वाजेस्तोवर मेला तरी सोडायचा न्हाई!"

मग मी न सोडायला शिकलो. चांगला शिकलो. घोटा धरला की समोरच्याची दुसरी लाथ तोंडावर यायची, तरी धरून ठेवायचा. नाक अशा एका टाचेनंच फुटलं. बोटं निखळली की खेचून बसवायची आणि पट्टी गुंडाळून परत उभं राहायचं. एका पोराच्या गळपट्टीचं हाड माझ्या धडकेनं मोडलं, आणि त्या सामन्यानंतर साहेबांनी मला जिलेबी खाऊ घातली. मला ती गोड लागली. या खेळानं माझ्या घराला पक्कं छप्पर दिलं, बापाच्या हातून कोयता सुटला. मला त्याचा पस्तावा नाही. पण दर जत्रेला गावात येऊन मी आखाड्याच्या दोरीबाहेर उभा राहायचो. हलगी वाजली की मांड्या आपोआप थरथरायच्या. वस्ताद पंच म्हणून आत फिरत, माझ्यावरून नजर नेत, जसा मी बाभळीचा खुंट. त्यांनी एक शिवी जरी दिली असती तरी मला पुरली असती.

गुडघा गेला, खेळ संपला, नोकरी राहिली. गेल्या जत्रेतही मी दोरीपाशीच होतो. शेवटची मोठी कुस्ती बाहेरगावच्या नावाजलेल्या पैलवानाची. त्याच्या माणसांनी समोरचा चितपट झाला म्हणून गुलाल उधळला. वस्तादांनी हात आडवा हलवला. "पाठ लागली न्हाई."

"म्हाताऱ्या, व्हिडिओ बघ!" कुणीतरी मोबाइल नाचवला.

"मला डोळे हाईत."

पहिली खुर्ची उडाली ती हलगीवाल्याच्या डोक्यात बसली. मग दोर तुटला आणि दोन्हीकडची माणसं आत घुसली. दगड, चपला, फेट्याचे पीळ, तंबूच्या खुंट्या. एकाचा डोळा फुटल्यासारखा रक्तानं भरला होता आणि तो तसाच हात फिरवत होता. त्या गर्दीत वस्ताद खाली पडलेले मला दिसले. त्यांच्यासमोर एक आडदांड गडी लोखंडी पहार डोक्यावर उगारत होता.

मी कधी आत गेलो ते मला आठवत नाही. गुडघा विसरून मी सूर मारला आणि त्याचा घोटा धरला. तो तोंडावर आदळला, वळला, उताणा झाला. पहार हातातच होती. त्यानं दुसऱ्या टाचेनं माझ्या तोंडावर लाथा घातल्या. जुनं नाक पुन्हा फुटलं. मी त्याच्या अंगावर चढून पहारेचा हात मातीत दाबला आणि दाबतच राहिलो.

"सोड बे!" मागून वस्तादांचा आवाज आला. "चीत झालाय त्यो!"

एवढ्या वर्षांत ते माझ्याशी पहिल्यांदा बोलत होते, आणि मी त्यांचं ऐकलं नाही. "न्हाई वस्ताद," मी ओरडलो. "आजून शिट्टी वाजली न्हाई!"

पोलिसांची शिट्टी वाजली तेव्हा माणसं पांगायला लागली. गड्याच्या मुठीतून पहार सुटली, मग मी त्याला सोडलं.

वस्ताद बसते झाले होते. धोतर फाटलेलं, कपाळावर खोक. ते माझ्या पायांकडं पाहत होते. माझे दोन्ही पाय घोट्यापर्यंत मातीत होते. मला शरम वाटली. लंगडत बाहेर निघालो.

"थांब."

त्यांनी पंचांसाठी ठेवलेली पाण्याची कळशी ओढली आणि उचलून माझ्यासमोर धरली. मी मान खाली घातली. म्हटलं, ओता, परत एकदा मेलो.

पाणी आलं नाही. वर पाहिलं तर त्यांनी कळशी माझ्या हातांकडं कलती केली होती.

"वंजळ कर," ते म्हणाले. "तोंडावरचं रगात तेवढं धू. माती ऱ्हाऊ दे."

मी तोंड धुतलं आणि छातीवरच्या मातीला हात न लावता घरी गेलो.