आधी कुरूस, मग दार

विमानतळ साष्टीच्या बेटावर आहे, हे आपण शाळेत शिकतो आणि पुढे विसरून जातो. वसईच्या पाचूबंदरची क्लारा विसरलेली नाही. विमानतळावरून कुणाला आणायला निघाली की ती "बेटावर चाललेय" असं सांगते, आणि परतताना वसईची खाडी मागे पडेपर्यंत गाडीतल्या माणसाला "आलास हां घरी" म्हणत नाही. दहिसरला म्हणत नाही, घोडबंदरलाही नाही. सिंगापूरहून आलेला माणूस खाडी ओलांडेपर्यंत तिच्या लेखी परदेशातच असतो.

क्लारा आधी मासळीचा टेम्पो चालवायची. बायकांच्या टोपल्या घेऊन भल्या पहाटे बाजारात जायचं, दुपारी रिकामा टेम्पो धुवायचा. ती ज्या ताकदीने गियर टाकते ते बघितलं की टेम्पोचे दिवस कळतात. मग नवऱ्याने होडीतला वाटा काढून घेतला तेव्हा तिने ही मोठी गाडी घेतली आणि बोटीवर नोकरीला असलेल्या, आखातातल्या, कॅनडातल्या वसईकरांना आणण्या-सोडण्याचा धंदा सुरू केला. गाडीत मासळीचा वास येतो, असं एका शहाण्याने तिला सुनावलं होतं. "तुज्या घरात नाय येत? मंग वसईचा कसला रे तू?" असं विचारून तिने त्याची बॅग मागे ठेवली आणि काच खाली केली. मला ती आवडली ती तेव्हापासून.

आमच्याकडे माणूस परदेशातून येणार म्हटलं की त्याला आणायला अख्खं घर निघतं. आई, बाप, बायको, मावशा, शेजारच्या दोन पोरी, शिवाय केक. क्लाराच्या पहिल्याच फेरीत गास गावचा एक बोटीवरचा पोरगा यायचा होता. त्याच्या घरच्यांनी गाडी अशी भरली की तो खोके घेऊन बाहेर आला तेव्हा त्याला बसायलाच जागा उरली नव्हती. ज्याच्यासाठी गाडी आणली तो बसने घरी आला, आणि घरचे केक मांडीवर घेऊन त्याची वाट बघत बसले. तेव्हापासून क्लाराचा नियम आहे, आणायला घरचं एकच माणूस येईल. रुसणाऱ्यांनी खुशाल रुसावं.

दुसरा नियम तिने कुणाला समजावून सांगितला नाही, पण मोडलाही नाही. गाडी आधी माणसाच्या गावच्या कुरसापाशी थांबते. वसईत प्रत्येक गावाच्या तोंडाशी एक क्रॉस असतो, त्यालाच इथले लोक कुरूस म्हणतात. उतरायचं, मेणबत्ती लावायची, मग घराच्या दारात जायचं. मेणबत्त्या ती डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवते, उन्हाळ्यात त्या वाकड्या होतात. आमच्यासारख्या हिंदूंनाही सूट नाही. माझा नवरा कौस्तुभ दुबईहून आला तेव्हा तिने विचारलं, "तुमचा देव कुठचा?" आम्ही कोकणातले, देव राहिले तिकडे, आणि आता राहतो उमेळ्यात, बिल्डरने बांधलेल्या चारमजली इमारतीत. शेवटी गेटमधल्या प्लास्टरच्या गणपतीसमोर गाडी थांबली. कौस्तुभने सूटबुटात त्याला हात जोडले आणि वॉचमनही घाईघाईने उभा राहिला.

आता थेरेसामावशीची गोष्ट. ही मला अर्धी क्लाराने सांगितली, अर्धी मावशीने, आणि उरलेली माझ्या घरातच घडली.

थेरेसामावशी उमेळ्याची. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मुलगा रॉबर्ट तिला ऑस्ट्रेलियाला घेऊन गेला, आणि काही महिन्यांची काही वर्षं झाली. मधल्या काळात रॉबर्टने उमेळ्याचं घर बिल्डरला दिलं. घर त्याच्या नावावर होतं, तेव्हा कायद्याने सगळं ठीकच. आईला सांगायचं तेवढं राहिलं. राहिलं म्हणजे त्याने ठेवलं. ती फोनवर घराची चौकशी करायची आणि हा तिला आंब्याला मोहोर आल्याचं सांगायचा. तोडलेल्या आंब्याला!

शेवटी मावशीने अन्न सोडायची धमकी दिली आणि तिकीट काढायला लावलं. रॉबर्ट हबकला. त्याचा चुलतभाऊ ब्रायन इथेच माणिकपूरला असतो. त्याने तिथे एक फ्लॅट भाड्याने घेतला आणि क्लाराला फोन केला. "हायवेनेच ये. गोखिवऱ्यावरून सरळ माणिकपूर. उमेळ्यात गाडी न्यायची नाही. घराचं छप्पर दुरुस्तीला काढलंय असं आम्ही सांगितलंय, तूही तेच सांग."

"आनि कुरूस?" क्लाराने विचारलं.

"या वेळी कुरूस राहू दे."

राहू दे म्हणणं सोपं होतं. उमेळ्यात त्यांचा कुरूस मावशीच्या घराच्या अगदी समोर होता. म्हणजे आता आमच्या इमारतीच्या समोर. तिथे मेणबत्ती लावून मागे वळलं की सगळं कळणार.

ब्रायनला नाराज करणं क्लाराला परवडणारं नव्हतं. त्याच्या नात्यातली निम्मी माणसं बाहेरदेशी आहेत आणि त्या सगळ्यांना ती आणते. तिने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. आणायला घरचं कुणी आलं नाही, ब्रायनला ऑफिस होतं. सकाळी व्हीलचेअरवरून मावशी बाहेर आली, सुती साडी, गळ्यात रोझरी, मांडीवर पर्स. गाडीत बसल्या बसल्या तिने पर्समधून किल्ली काढली आणि मुठीत धरली.

क्लारा मला म्हणाली, "ती किल्ली बगली मी. दार नाय, कडी नाय, आनि ही किल्ली धरून बसलीय."

दहिसरच्या पुढे तिने हायवे सोडला आणि भाईंदरच्या जेट्टीवर येऊन गाडी रो-रो बोटीवर चढवली. ही बोट गाड्यांसकट माणसांना खाडीपार वसई किल्ल्यापाशी सोडते. मी तिला नंतर विचारलं, बोटच का? ती म्हणाली, "स्टिअरिंगवर हात असताना असली गोष्ट सांगायची नाय. मानसाकडं बगून सांगायची. बोटीवर हात मोकळे असतात."

बोट सुटली. मावशीला वारा हवा होता म्हणून क्लाराने तिला धरून कठड्यापाशी आणलं. समोर किल्ल्याची झाडी दिसायला लागली होती. क्लाराने मावशीचा किल्लीवाला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"मावशे, छप्पर दुरुस्तीला नाय काडलं. तुजं घर नाय ऱ्हायलं. तिथं बिल्डिंग झाली."

मावशीने हात हिसकून घेतला. "कोन बोलला?"

"कोन कशाला? मी रोज बगते."

"गाडी फिरव. मला परत जायाचं."

"कशी फिरवू, मावशे? बोट मधी खाडीत हाय."

मावशी कठडा धरून पाण्याकडे बघत राहिली. क्लाराला वाटलं, आता ही खाली बसणार, हिला काही झालं तर आपण तोंड कुठे दाखवायचं? पाचूबंदरच्या होड्या दिसायला लागल्या तेव्हा मावशीने दारच्या विहिरीचं विचारलं. "हीर हाय?"

"हीर हाय. जाळी टाकलीय वर."

"कुरूस?"

"कुरूस तिथंच हाय. गेल्या आयतवारी मीच हार घातला."

"मंग कुरसाला ने," मावशी म्हणाली आणि क्लाराचा दंड धरून गाडीकडे वळली.

मी तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. तळमजल्याच्या माझ्या खिडकीतून कुरूस समोरच दिसतो. क्लाराची गाडी थांबली, एक म्हातारी उतरली, तिने वाकडी मेणबत्ती लावली, बराच वेळ उभी राहिली आणि मग मागे वळली. ती रडेल असं मला वाटलं. ती मात्र विहिरीपाशी गेली, विहिरीला पाठ लावली आणि पावलं मोजत सरळ माझ्या खिडकीच्या दिशेने चालत आली. मला खरं सांगायचं तर भीती वाटली. जमिनीचं काही भांडण आलं की काय! आयुष्यभराची कमाई घातलीय या घरात, कुणी काय दावा करेल सांगता येत नाही.

बेल वाजली. दारात क्लारा. "ज्ञानदा, मावशीला पानी पायजे."

मावशीने चपला बाहेर काढल्या आणि बिनबोलता सरळ स्वयंपाकघरात आली. ओट्याजवळ उभी राहून तिने चहूकडे पाहिलं. "हितं माजी चूल," ती म्हणाली. "हितं रॉबर्ट झाला, ह्या भिताडाकडं." मी पाणी दिलं. तिने ते उभ्यानेच प्यायलं, पेला विसळून पालथा घातला, मग पायाने फरशी चाचपून बघितली. "गुळगुळीत हाय. पडशील."

मला रडू आवरेना. तिचं सगळं गेलं आणि तिला काळजी माझ्या पडण्याची. मीच रडतेय म्हटल्यावर तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि जाता जाता सांगितलं, "दिवस कलला की ही खिडकी लावीत जा, पोरी. खाजनाच्या चिखलातून मच्छर येतात."

तेवढ्यात ब्रायनचा फोन आला, कुरसापाशी गाडी बघून कुणीतरी त्याला कळवलं होतं. तो इतका ओरडत होता की मलाही ऐकू आलं. आमच्या घरातलं कुणी पुन्हा तुझ्या गाडीत पाय ठेवणार नाही, असं तो म्हणाला. क्लाराने ऐकून घेतलं. "नको ठेवू," ती म्हणाली. "पन म्हातारीला गावात आनून गाव लपवायचं काम माज्याच्यानं नाय होनार." तिने फोन ठेवला. मग तिने मावशीला धरून गाडीत बसवलं आणि माणिकपूरला नेलं.

ब्रायनने शब्द पाळला. त्याच्या नात्यातली माणसं दुसऱ्या गाडीने येऊ लागली आणि क्लाराची गाडी पाचूबंदरला बरेचदा उभीच दिसायची. कधी तरी आली की म्हणायची, "चालतं, ज्ञानदा. टेम्पो इकला कुठंय?" मावशी मात्र रिक्षाने माझ्याकडे येऊ लागली. ओट्याजवळ खुर्ची टाकून बसते, माझी भाजी निवडते आणि माझ्या आमटीला नावं ठेवते.

नाताळात रॉबर्ट यायचा होता. मावशीने त्याला फोनवर एवढंच सांगितलं, "क्लारा आनायला येल. तिच्या गाडीत बसायचं नसेल तर येऊ नको."

त्या दिवशी मावशी दुपारपासून माझ्या खिडकीत उभी होती. क्लाराची गाडी कुरसापाशी थांबली. दार उघडलं नाही. रॉबर्ट आत बसून राहिला, मान खाली. क्लाराने इंजिन बंद केलं, उतरली आणि फडक्याने काच पुसायला लागली. पुसून झालेली काच ती पुन्हा पुसत राहिली, पण त्याला एका शब्दाने उतर म्हणाली नाही.

शेवटी तो उतरला. हातात वाकडी मेणबत्ती, डोक्याचे केस पिकलेले, चांगला बापया माणूस. त्याने ती लावली, गुडघे टेकले आणि उठताना आमच्या इमारतीकडे पाहायचं टाळलं. क्लाराने बोट करून त्याला आमची खिडकी दाखवली.

मावशीने पदर सारखा केला. माठातून स्वतःच पेला भरला आणि माझ्याकडे वळली.

"दार उघड, ज्ञानदा," ती म्हणाली. "माजा पोर घरी आला."