भिंतीवरच्या पेटीची वेगळी वीज

टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या बाईंना नवऱ्याच्या खेळण्यातल्या आगगाड्यांचं काडीचं कौतुक नव्हतं. निम्मी बैठकीची खोली त्या टेबलाने खाल्ली होती. रूळ, बोगदा, दोन स्टेशनं आणि धूळ पुसायला बाईंचेच हात. "म्हातारपणी लोक नातवंडं खेळवतात, आमच्याकडे इंजिनं," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. नवऱ्याला त्या चेष्टेने स्टेशनमास्तर म्हणत, पुढे सगळेच मास्तर म्हणायला लागले.

मग मास्तरांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात उठेना. टेबल भंगारात घालायची धमकी देणाऱ्या बाईंनीच पलंग ओढून टेबलाशेजारी आणला आणि बिनतारी रिमोट मास्तरांच्या डाव्या हातात दिला. रिमोटचा हुकूम हवेतून भिंतीवरच्या छोट्या पेटीला पोचायचा, तिथून एका वेगळ्या तारेने रुळांपर्यंत, की इंजिन हलायचं. अंगठ्याने चकती फिरवली की झालं. त्या दिवशी मास्तर कितीतरी दिवसांनी हसले, नि बाई स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडल्या.

पण मेलं सुख टिकेल तर ना. वळणावर डबा घसरला की शॉर्ट होऊन रुळांची वीज तुटायची आणि पेटीशी जोड दाखवणारा रिमोटचा दिवाही विझायचा. रिमोट पुन्हा पेटीशी जोडायचा तर दोन बटणं दोन हातांनी एकदम दाबावी लागत. "अगं, जरा ये ना," मास्तर हाक मारत. पुढे पुढे हाकच येईना. गाडी आडवी पडलेली, रिमोट उशाखाली, नि मास्तर भिंतीकडे तोंड करून.

"हाताबरोबर डोकंही गेलं माझं," एका दुपारी ते म्हणाले. "साधी गाडी सांभाळता येत नाही. देऊन टाक कुणाला तरी."

आज हा माणूस गाडी सोडेल, उद्या व्यायाम सोडेल, मग उठायचंच सोडेल, हे बाईंना लख्ख दिसलं. तिरीमिरीत त्यांनी पेटी भिंतीवरून उतरवली. मागून दोन वायरी निघून थेट रुळांना गेल्या होत्या.

"हिला वीज रुळांतून दिलीत?"

"एक प्लग वाचला तेवढाच," मास्तर पुटपुटले.

"अहो, घरातले दिवे गेले तरी आमचे फोन का चालायचे? फोनची वीज एक्स्चेंजच्या बॅटरीतून यायची, घराच्या विजेशी तिला देणंघेणं नव्हतं. तुमची पेटी रुळांच्या जिवावर जगतेय. रूळ मेले की तीही मेली. यात तुमच्या डोक्याचा काय दोष?"

"वायरी मीच जोडल्यात."

"त्या तुम्ही धडधाकट असताना. तेवढं माफ."

दुसऱ्या दिवशी बाईंनी पेटीला चालेल असा अडॅप्टर आणला, रुळांतून वीज घेणाऱ्या त्या दोन वायरी काढल्या, हुकमाची तार तशीच ठेवली आणि पेटीला स्वतःचा प्लग दिला. गाडी निघाली, नि वळणावर घसरलीच. रूळ थंड पडले. मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"बघा तरी," बाई म्हणाल्या.

रिमोटचा दिवा जळत होता. मास्तर त्याच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी चकती शून्यावर आणली. बाई वाकून डबे रुळांवर बसवू लागल्या. शेवटच्या डब्याचं चाक काही केल्या बसेना, कंबरेचा काटा ढिला झाला, तोंडाने गाड्यांचा उद्धार चालूच होता. एकदाचं चाक बसलं, रुळांत वीज परतली, तसा पलंगावरून आवाज आला. आजारपणाच्या आधीचा, खणखणीत.

"हात काढ. गाडी सोडतोय."

बाईंनी मुकाट्याने हात काढला.