अश्लेषाच्या नावावरचा फ्रीझर

वसईजवळच्या आमच्या उमेळ्यात ज्याच्याकडे केळीची वाडी आहे त्याला मान मिळतो, आणि ज्याच्याकडे पगाराची स्लिप आहे त्याला पाहुणे. हरिश्चंद्र राऊतांच्या अश्लेषाला वसईरोडला औषधांच्या एका वितरकाकडे हिशेबाची नोकरी लागली, तेव्हा ही गोष्ट तिला पहिल्याच पगारात कळली. वाडीवाल्याकडे पैसा असतो, पण फायनान्स कंपनीला दाखवायला कागद नसतो. मग मावशीची वॉशिंग मशीन अश्लेषाच्या नावावर, चुलतभाऊ यतीनचा मोबाइल अश्लेषाच्या नावावर. "नाव तुझं, हप्ता आमचा," एवढं बोललं की व्यवहार पक्का. आणि हप्ते येतही होते, उगाच कशाला खोटं बोला. शब्द बुडवणाऱ्याच्या घरी आमच्याकडे माणसं लग्नाला जातात, पण जेवायला थांबत नाहीत.

सांडोरच्या एरॉलकाकांचा डीप फ्रीझरही याच वाटेने आला. एरॉलकाका म्हणजे हरिश्चंद्रांचे शाळेपासूनचे दोस्त, लग्नाच्या आणि बाप्तिस्म्याच्या जेवणाच्या ऑर्डरी घेणारे. हाताला अशी चव की पोट भरलेला माणूसही पुन्हा पंगतीला बसावा. त्यांनी विरारच्या दुकानातून फ्रीझर उचलला, सही अश्लेषाने केली आणि विषय तिच्या डोक्यातून गेला.

तिच्या डोक्यात तेव्हा एकच गोष्ट होती, बँकेची परीक्षा. दरवर्षी थोडक्यात हुकायची. वयाची अट अगदी दाराशी येऊन ठेपली, तेव्हा शेवटच्या संधीला पोरगी पास झाली. लीलाबाईंनी, म्हणजे तिच्या आईने, नेमणुकीचं पत्र यायच्या आधीच गावभर पेढे वाटले. हरिश्चंद्र म्हणाले, "अगं, जरा धीर धर." पण लीलाबाईंना धीर धरणं कधी जमलेलंच नाही.

कागदपत्रं तपासायच्या दिवशी बँकेतल्या पाध्ये साहेबांनी तिच्याकडे चष्म्यावरून बघितलं.

"तुमच्या नावावर एक कर्ज थकलंय. बरेच दिवस. डीप फ्रीझर."

अश्लेषाला वाटलं, भलत्याच कुणाची फाइल उघडली असणार.

"बँकेत रुजू व्हायचं तर क्रेडिट स्वच्छ लागतं, मॅडम. रुजू व्हायच्या तारखेपर्यंत कर्ज पूर्ण फिटल्याचं कंपनीचं पत्र आणा. नाही आणलंत, तर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाईल."

दुसऱ्याच्या हिशेबात पैशाचीही चूक न होऊ देणारी मुलगी, आणि तिच्याच नावाला डाग. ती तशीच रिक्षाने सांडोरला गेली. एरॉलकाका अंगणात कांदे सोलत होते. तिने विचारलं तेव्हा ते सरळपणे म्हणाले, "तो फ्रीझर? तो तर मी परत केला. बंद पडला, बाप्तिस्म्याच्या ऑर्डरचं सगळं मटण फुकट गेलं. टेम्पोत घातला आणि विरारला जिथून घेतला, त्याच जितेशच्या दुकानात नेऊन टाकला. त्याने ठेवून घेतला. मग हप्ता कसला?"

यात लबाडी औषधालाही नव्हती. वसईच्या बाजारात केळीचा घड आतून सडका निघाला तर तो परत जातो, आणि परत गेलेल्या घडाचे पैसे कुणी मागत नाही. माल परत, व्यवहार संपला. एरॉलकाकांच्या बापजाद्यांनी हेच केलं होतं. फायनान्स कंपनी नावाचा तिसरा गडी मध्ये उभा असतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. कंपनीचे निरोप जात राहिले अश्लेषाच्या जुन्या नंबरवर, जो तिने केव्हाच बंद केला होता.

त्यांना सगळं समजलं तेव्हा सुरी हातातच राहिली. "म्हणजे तुझी नोकरी माझ्यामुळे..."

घरी यतीन आधीच येऊन बसला होता. तो अंधेरीला नोकरभरतीच्या ऑफिसात काम करतो आणि कुठलीही अडचण बघितली की त्याला वाकडी वाट आधी दिसते. "सिंपल आहे ताई. लिहून दे, हे कर्ज माझं नाही, सही माझी नाही, कुणीतरी माझे पेपर वापरले. कंपनी नाव काढून टाकेल."

"आणि कुणी वापरले विचारलं तर?"

"फ्रीझर कुणाच्या घरी गेला ते त्यांच्याकडे आहेच."

म्हणजे पोलीस सांडोरला. अश्लेषाने त्याला आणखी चहा दिला नाही, इतकंच. तिने कंपनीला फोन लावला, तर वसुलीवाल्याने दुसरं गाजर दाखवलं, निम्मे भरा, सेटलमेंट करून टाकू. ऐकायला गोड, पण मग नावापुढे 'सेटल्ड' असा शिक्का बसतो आणि पूर्ण फिटल्याचं पत्र मिळत नाही. तिने त्यालाही नाही म्हटलं. पूर्ण भरायचं तर तिच्याकडे तेवढी शिल्लक नव्हती, आणि बापाने वाडीतला तुकडा विकायची गोष्ट काढली तेव्हा ती पहिल्यांदा रडली. रडून झाल्यावर तिला राग आला. फ्रीझर गेला कुठे?

धनत्रयोदशीच्या सकाळी ती एरॉलकाकांना घेऊन विरारला जितेशच्या दुकानात गेली. दुकान गिऱ्हाइकांनी फुललेलं.

"तुमचा तो पीस? तो तर कधीच दुरुस्त करून विकला," जितेश घाईघाईत बोलून गेला.

"विकलात ना? मग त्याचे पैसे कंपनीला भरा."

"मॅडम, सणाचे दिवस आहेत, दिवाळीनंतर या."

अश्लेषाने प्लास्टिकचं स्टूल ओढलं आणि दारातच बसली. एक जोडपं फ्रीज बघायला आलं. ती हसून म्हणाली, "घ्या ना, वस्तू चांगल्या आहेत. फक्त बंद पडली तर इथे परत आणू नका. हे ठेवून घेतात, विकूनही टाकतात, हप्ता मात्र तुमच्याच नावावर चालू राहतो. हे काका शेजारी उभे आहेत, विचारा." एरॉलकाकांनी डोक्यावरची टोपी काढून मान डोलावली. आवाज चढवला नाही, भांडण नाही, एक शब्द खोटा नाही. जोडपं गेलं. मागून आलेल्या बाईही गेल्या. जितेशने आधी दोघांना थंड पाजलं, मग आत केबिनमध्ये बोलावलं, मग कपाळाला हात लावला. टाळकं ठिकाणावर यायला सण फार उपयोगी पडतो.

दुपारच्या आत फ्रीझरची राहिलेली रक्कम दुकानातून कंपनीच्या खात्यात गेली. वरचा दंड आणि व्याज एरॉलकाकांनी भरलं. अश्लेषाने त्यांना अडवलं नाही. माणसाला त्याचं त्याला भरू देणं हाही मानच असतो.

पत्र हातात पडलं ते रुजू व्हायच्या आदल्या दिवशी. पाध्ये साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग खुर्चीला टेकून म्हणाले, "खरं सांगा, फ्रीझर तुमचा नव्हताच ना? अशा केसेस आम्ही बघतो. कर्ज माझं नाही असं लिहून दिलं असतंत तर एवढी धावपळ वाचली असती."

"फ्रीझर माझा नव्हता, साहेब. सही माझी होती." तिने पत्रावरच्या आपल्या नावावर बोट ठेवलं. "उद्यापासून तुम्ही मला कॅश काउंटरवर बसवणार. आज मी स्वतःची सही नाकारली असती, तर तुम्ही मला बसवलं असतंत का?"

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि नेमणुकीच्या पत्रावर सही केली.

बाहेर येऊन तिने पहिला फोन घरी नाही, सांडोरला लावला. "काका, झालं. उद्या रुजू होतेय."

पलीकडून एरॉलकाका म्हणाले, "बरं झालं, पोरी. हरीला सांग, आज संध्याकाळी येतो. एवढे दिवस त्याच्या दारात यायला पाय उचलत नव्हता."