दोन दरवाजांचे यंत्र

आमच्या साडूंइतका भिडस्त बेलिफ इंग्रज सरकारच्या साऱ्या मुलखात दुसरा झाला नसेल, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. छातीवर महाडच्या कोर्टाचा पितळी बिल्ला, अंगात खाकी कोट, डोक्याला लाल काठाचा फेटा आणि ओठावर चांगली भरघोस मिशी, असा हा सहा फुटी माणूस गावच्या वेशीत शिरला की कुत्री भुंकायची विसरत आणि माणसे रानात पळत. पण ज्याच्या नावाचे समन्स असेल त्याच्या अंगणात हेच गृहस्थ पायताणे तीन हात अलीकडे काढून ठेवीत, आधी पोराबाळांची चौकशी करीत, म्हशीची चौकशी करीत, आणि मग लग्नाची अक्षत द्यावी तसा तो कागद दोन्ही हातांनी पुढे करीत. घरात कुणी जेवत असेल तर समन्स बजावायचे नाही, हा त्यांचा नियम. भरल्या पानावरून माणूस उठवणे कुठल्याच कायद्यात बसत नाही, असे त्यांचे मत होते. ते अंगणात बसून राहत, आणि आतला इसम सावकाश जेवून, हात धुऊन, मागच्या दाराने डोंगराला लागे. संध्याकाळी साडू महाडला परत येत आणि कागदाच्या पाठीवर सुवाच्य अक्षरात लिहीत, 'सदरहू इसम मिळून आला नाही.' ही भाषा त्यांच्या तोंडात इतकी बसली होती की घरी आमटी हवी असली तरी "सदरहू आमटी आणखी मिळावी" असे म्हणत. माझी थोरली मेहुणी ती मुकाट्याने वाढी. लग्नाला बारा वर्षे झाल्यावर माणसाला कशाचेच हसू येत नाही.

एवढी भीड असलेला माणूस त्या दारांत पाणी मात्र कधी घेत नसे. जीभ टाळूला चिकटली तरी पुढच्या ओढ्यापर्यंत चालत जाई. त्याला कारण त्यांचे वडील. पोलादपूरच्या वर डोंगरात एका वाडीत राहणारा, स्वतःच्या जमिनीत राबणारा तो ताठ मानेचा म्हातारा. मुलगा कोर्टात पट्टेवाला होता तोवर त्याला कौतुक होते. बेलिफाचा बिल्ला लावून पहिल्यांदा घरी गेला, तेव्हा म्हातारा ओटीवरून म्हणाला, "लोकांच्या दारात कागद घेऊन हुबा राणारा मानूस माज्या दारात नको." रागाच्या भरात बाप दिवसाला अशी दहा वाक्ये बोलतो आणि संध्याकाळी भाकरीबरोबर गिळून टाकतो. पण साडूंनी ते वाक्य हुकूमनाम्यासारखे मानले. ज्याला बापाच्या दारात पाणी नाही त्याने लोकांच्या दारात ते घेऊ नये, असा त्यांचा हिशोब. तीन वर्षे त्यांनी त्या अंगणात पाऊल टाकले नाही. शिमग्याला बायकोमुलांना डोंगराच्या पायथ्यापर्यंत पोचवायचे, ती वर गेलेली पाहायची आणि परत फिरायचे. मी कितीदा सांगितले, "अहो, काठीने पाणी तुटत नाही. जाऊन या." त्यावर शांतपणे म्हणत, "हुकूम रद्द झाल्याची नक्कल मिळाल्याशिवाय जाता येत नाही, मास्तर." मला या माणसाची चीड येई. आणि ते वर जाणाऱ्या वाटेकडे कसे बघत असत हे मी पाहिलेले असल्यामुळे चीड फार वेळ टिकत नसे.

आता दाढीकडे वळतो. साडूंची दाढी बाजारातल्या एका दुकानात होई. तिथला न्हावी बोलका. गळ्याशी वस्तरा धरून तो गोडीत विचारी, "उद्या कुणीकडं दौरा?" खोटे बोलणे साडूंना मुळातच जमत नसे, त्यात गळ्याशी वस्तरा. ते गावांची नावे सांगून टाकीत, आणि दाढीला आलेली पुढची दोन माणसे ती नावे बाजारभर करीत. साडू पोचण्याआधी अर्धे गाव रानात. न बजावता परत येणारे कागद फार झाले तेव्हा बेलिफांवर देखरेख करणाऱ्या नाझर साहेबांनी त्यांना बोलावून घेतले. साडूंनी रात्रभर विचार केला आणि स्वतःची दाढी स्वतः करायचे ठरवले. न्हाव्याला 'तू बोलू नकोस' असे सांगायची भीड वाटली, म्हणून!

दाढीचे पहिले यंत्र त्यांनी महाडलाच घेतले. ते तीन तुकड्यांचे. रोज सकाळी ते जुळवायचे, त्यात बोटे कापायची, मग गाल कापायचे. सहा महिने त्यांच्या चेहऱ्यावर वर्तमानपत्राचे कपटे चिकटलेले असत. जवळून पाहिले तर कालच्या बातम्या वाचता येत. मग मुंबईला गोदीत असलेल्या त्यांच्या चुलतभावाने अगदी नव्या तऱ्हेचे यंत्र धाडले. त्यात जुळणी नाही. दांडीचा तळ पिरगळला की डोक्यावरचे दोन चिमुकले दरवाजे आपोआप उघडत. आत पाते ठेवायचे, उलटे पिरगळले की दरवाजे बंद. साडूंनी ते दरवाजे दिवसभर उघडमीट केले. मेहुणीबाई म्हणाल्या, "देवघराच्या दाराला सुद्धा एवढा हात लावला नसेल यांनी."

चाचणी रविवारी सकाळी ठरली आणि पंच म्हणून मला बोलावणे आले. खिडकीच्या गजाला आरसा, पाटावर ऊन पाण्याची वाटी, तुरटीचा खडा आणि दोन घड्या केलेला पंचा. बरोबर आलेल्या कागदावर इंग्रजीत सूचना होत्या. त्या मी वाचायच्या आणि साडूंनी मान डोलवायची. कागदात स्पष्ट म्हटले होते की यंत्र दाबू नये, ते आपल्या वजनाने चालते. पण ज्याने सहा महिने जुने यंत्र नांगरासारखे दाबले, त्याचा हात एका दिवसात कसा सुटणार? गाल मात्र झकास उतरले. रक्ताचा टिपूस नाही. मग ओठाच्या कोपऱ्याशी ते रुंद डोके मिशीवर आले, त्याच्याआड काय चालले आहे ते दिसेना, आणि डावीकडचा अर्ध्या बोटाएवढा भाग फेसाबरोबर निघून गेला. पंचाने तोंड उघडायचे नसते. मी मास्तर; मला चूक दिसली की राहवत नाही. म्हणालो, "उजवी बाजू अंमळ मोठी दिसते." त्यांनी उजवी कमी केली. मग डावी मोठी दिसू लागली, तेही मीच सांगितले. दोन मांजरांच्या लोण्याची वाटणी माकडाने केली तशी आम्ही त्या मिशीची वाटणी केली, आणि शेवटी नाकाखाली माशी बसावी एवढा ठिपका उरला. साडूंनी आरशात बराच वेळ पाहिले. "हे ठेवणे योग्य दिसत नाही," असे म्हणून तोही काढला.

आमच्या भागात बाप असताना मिशीला वस्तरा लावीत नाहीत. मुंबईची नवी पोरे आता लावू लागली आहेत, पण गावात बिनमिशीचा बाप्या दिसला की माणसे अजून आधी त्याच्या बापाची आठवण काढतात. मेहुणीबाई चहा घेऊन बाहेर आल्या, नवऱ्याचे तोंड पाहिले आणि मटकन खालीच बसल्या. "अगो बाई! मामंजी?" साडू ताडकन उठून उभे राहिले. म्हणाले, "बाबा सुखरूप आहेत. यंत्राची चाचणी चालू आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांना पोलादपूरच्या वाटेवरच्या गावांचा दौरा होता. माझ्या शाळेला सुगीची सुट्टी होती. "मास्तर, तुम्ही बरोबर जा," मेहुणीबाई म्हणाल्या, "असल्या तोंडाने एकटं नको पाठवायला." मिशीच्या नाशात माझा हात असल्यामुळे मला नाही म्हणता आले नाही.

पहिल्या गावात शिरलो तर नेहमीसारखा शुकशुकाट. ज्याच्या नावाचा कागद होता तो गृहस्थ गवताच्या उडवीमागे दडला होता. त्याचे मुंडासे दिसत होते. साडूंनी पायताणे काढली. तेवढ्यात त्या माणसाने डोकावून साडूंच्या ओठाकडे पाहिले आणि अंगावरचे गवत झटकीत आपण होऊन पुढे आला.

"कदी झालं रे? आमाला कळवलं पन नायस?"

"नाही हो," साडू गडबडले, "तसं काही झालेलं नाही."

"व्हतं असं. पयल्यांदा खरं वाटत नाय." त्याने साडूंच्या खांद्यावर हात ठेवला. "लय मोठा मानूस तुजा बापूस. बाजाराला आला की हितंच बसायचा. तुजी इचारपूस करायचा."

"माझी?"

"मंग कुनाची? बेलिफ हिकडून गेला काय, खोकत व्हता काय, उन्हाचं पानी पितो काय कुनाकडं. मी म्हनायचो, नाय घेत तो पानी. म्हातारा मंग उठून चालाय लागायचा." मग त्याने डोळे पुसले, न मागता अंगठा पुढे केला आणि समन्स घेतले.

त्या दिवशी सातच्या सात कागद लागले. साडूंच्या नोकरीत असे कधी झाले नव्हते. माणसे शेतातून विळे टाकून येत होती, ओटीवर बसवीत होती, आणि साडू जितके 'नाही' म्हणत तितके लोकांना अधिक वाईट वाटे. प्रत्येकाकडे म्हाताऱ्याची काहीतरी आठवण होती, आणि तिच्यात कुठेतरी साडू होते. शेवटच्या गावातली एक म्हातारी म्हणाली, "सुटला बिचारा. ह्या पावसात डोळं पार गेलं व्हतं त्याचं. म्हनायचा, पोराचं तोंड दिसतंय तवर यायला पायजे व्हता." साडूंनी तिच्या हातचा पाण्याचा तांब्या घेतला आणि उभ्या उभ्या रिकामा केला. मग माझी वाट न बघता चालू लागले. वाट महाडची नव्हती. वाडीची होती.

आम्ही वर पोचलो तेव्हा उन्हे उतरायला लागली होती. म्हातारा अंगणात दोर वळीत बसला होता, नजर समोरच्या डोंगरावर आणि बोटे आपल्या कामात. "कोन रे?" म्हणून त्याने विचारले. मी माझे नाव सांगितले. "आनि दुसरा? चाल वळखीची वाटते." साडूंची कोर्टाची सगळी भाषा संपली होती. ते पुढे झाले आणि बापासमोर जमिनीवर बसले. म्हाताऱ्याने दोर बाजूला ठेवला, हात पुढे केला. फेटा चाचपला, कपाळ चाचपले, नाकावरून बोटे खाली आली आणि ओठावर थांबली.

"मी मेलो काय रे?" त्याने विचारले.

"नाही बाबा. यंत्राची..." साडू हमसून हमसून रडू लागले. मी आयुष्यात त्यांना तेवढेच रडताना पाहिले.

"मला वाटलं मेलो, आनि कुनी सांगितलंच नाय." म्हातारा हसला आणि त्या गुळगुळीत ओठावरून पुन्हा बोट फिरवले. "चांगली काढलीस. खुंट पन लागत नाय. वाटंत लोकं काय म्हनली?"

"सगळ्यांनी चांगलंच सांगितलं."

"मंग बरं झालं. जित्तेपनी ऐकायला गावलं." मग दोर पुन्हा हातात घेत तो म्हणाला, "कागद बाहेर ठेवून येत जा. तू येत जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडूंनी बापाची दाढी केली. यंत्र त्यांच्या झोळीत होतेच. गावचा न्हावी थकला होता, त्याचा हात थरथरे, म्हणून म्हाताऱ्याच्या गालांवर पांढरे रान माजले होते. साडूंनी एका हाताने त्याची हनुवटी धरली आणि यंत्र मुळीच न दाबता, कागदात लिहिले होते तसे, हलके हलके फिरवले. "ह्याच्यात पातं हाय का नुसताच गोंजारतोस?" म्हाताऱ्याने विचारले. त्यानंतर एक रविवार चुकला नाही. शनिवारी कोर्ट सुटले की साडू दहा-अकरा मैल चालत वाडी गाठत. मिशी पुन्हा पहिल्यासारखी वाढली, तीही म्हातारा दर रविवारी हाताने तपासून घेई.

पुढल्या श्रावणात म्हातारा गेला. दहाव्याला साडूंनी रीतीप्रमाणे डोके आणि मिशी उतरवली. तेरावा उरकून आम्ही दोघे महाडला परत निघालो. फेटा नेहमीसारखा बांधलेला, ओठ मोकळा. त्या पावसात वाडीवरून कुणी बाजाराला उतरले नव्हते, त्यामुळे महाडजवळच्या त्या पहिल्या गावाला बातमी अजून पोचली नव्हती. तो उडवीमागचा गृहस्थ बांधावर उभा होता. साडूंना पाहताच तो मोठ्याने हसला. मागच्या फजितीची गोष्ट तोवर त्या साऱ्या पट्ट्यात पसरली होती.

"काय बेलिफ! परत यंत्र लावलंस काय मिशीला?"

मी रागाने तोंड उघडले, पण साडूंनी माझा दंड धरला. तो माणूस एकदा त्यांच्या बापासाठी मनापासून रडला होता. त्याला आता भर वाटेत खजील करायचे, हे त्यांच्याने होणार नव्हते.

"हो," साडू हसून म्हणाले, "फार धारेचं आहे ते."

आणि आम्ही पुढे निघालो. पुलापर्यंत त्यांनी माझा दंड सोडला नाही.